अकोल्याचा डोंगरपट्टा : काय पाहावे, कधी जावे आणि किती जणांनी जावे

अहिल्यानगर जिल्हा म्हटले की डोळ्यांसमोर येतात ते शिर्डी, शनिशिंगणापूर, साखर कारखाने आणि दुष्काळ. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्याच्या वायव्य टोकाला मात्र एक वेगळाच मुलूख आहे. अकोले तालुक्याचा हा पश्चिम भाग. विदर्भातल्या अकोला शहराशी त्याचा काही संबंध नाही. नावाच्या सारखेपणामुळे इंटरनेटवर शोधताना गोंधळ होतो इतकेच.

जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या घाटघर आणि रतनवाडीला तो चार-पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो. राज्यातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर) इथेच आहे. हरिश्चंद्रगड, रतनगड, सांदण दरी, भंडारदऱ्याचे धरण आणि रंध्याचा धबधबाही इथेच. पश्चिमेला सह्याद्रीचा सरळसोट कडा कोकणात कोसळतो. बाकी बाजूंनी डोंगर, जलाशय आणि पाऊस. पावसाळ्यात इथल्या काही वाड्यांचा बाहेरच्या जगाशी संपर्क आजही अधूनमधून तुटतो. समुद्र नसलेले बेटच म्हणायचे.

या तुटलेपणामुळेच इथला निसर्ग, खडक आणि माणसांची रीत बरीचशी टिकून राहिली. आणि आता रस्ते झाल्यावर, मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागू लागल्यावर, तेच टिकणे अवघड झाले आहे. त्यामुळे इथे काय पाहायचे यापेक्षा कधी जायचे आणि किती जणांनी जायचे हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो.

पायऱ्यांचा डोंगर

या भागातला कुठलाही डोंगर लांबून पाहिला तर त्यावर आडव्या पट्ट्या दिसतात. उभा काळा कडा, मग झाडीचा किंवा गवताचा तिरका टप्पा, पुन्हा कडा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि पुन्हा पुन्हा पसरत राहिला. एक थर थंड व्हायचा, त्यावर दुसरा यायचा. आजही या थरांनी सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापलेला आहे. यालाच दख्खन ट्रॅप म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला.

भूवैज्ञानिकांनी दख्खनच्या या थरांची जी उतरंड लावली आहे, तिच्यातल्या सर्वांत खालच्या, म्हणजे पश्चिम घाटातल्या सर्वांत जुन्या गटाला त्यांनी ‘कळसूबाई उपगट’ असे नाव दिले आहे. त्याच्यावर लोणावळा उपगट आणि त्याही वर वाई उपगट येतो. महाबळेश्वरचे कडे या वरच्या, म्हणजे तुलनेने नव्या थरांचे. म्हणजे कळसूबाई उंचीने राज्यात पहिली असली तरी तिचा खडक महाबळेश्वरच्या खडकापेक्षा जुना आहे.

डोंगर चढताना हे वाचता येते. काही थरांत काळ्या कातळात बोटाच्या पेराएवढे पांढरट, लांबट स्फटिक विखुरलेले दिसतात. असा मोठ्या स्फटिकांचा बेसाल्ट ही कळसूबाई उपगटाची ओळख आहे. काही ठिकाणी कातळ जाळीदार दिसतो. लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे अडकून राहिले, त्या पोकळ्यांत पुढे पाण्याबरोबर आलेली खनिजे साचली आणि पांढरे, हिरवट किंवा गुलाबीसर झिओलाइट तयार झाले. दोन थरांच्या मध्ये कधी विटकरी मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात खडकाचा वरचा भाग हवा-पाण्याने कुजून ही माती झाली. तो पट्टा म्हणजे दोन उद्रेकांमधली विश्रांती.

स्फटिक खिशात टाकून घरी नेण्याचा मोह अनेकांना होतो. हा बराचसा भाग १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. सुमारे ३६२ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यातून दगड, रोप, फूल काहीच उचलायचे नसते.

सांदण आणि नेढे

साम्रद गावाजवळची सांदण दरी हा या खडकाचा सर्वांत नाट्यमय अवतार. सपाट माळावरून चालताना अचानक जमीन फाटल्यासारखी दिसते आणि वाट त्या फटीत उतरते. कातळाच्या उभ्या भेगेचा माग धरून पावसाच्या पाण्याने ही घळ हजारो वर्षे कोरत नेली. दोन्ही भिंती शे-दोनशे फुटांहून अधिक उंच, काही ठिकाणी मधले अंतर जेमतेम दोन-चार माणसे शेजारी उभी राहतील इतके. तळाशी ऊन फारसे पोहोचतच नाही. सुरुवातीलाच पाण्याचे डोह लागतात, ते ऋतूनुसार गुडघ्यापासून कमरेच्या वरपर्यंत असतात. पुढे वाट मोठमोठ्या धोंड्यांवरून जाते आणि घळ कोकणाच्या बाजूला उघडते. तिथून खाली उतरायला दोर, साहित्य आणि जाणकार माणूस लागतो. बाकीच्यांनी आल्या वाटेने परत फिरायचे.

पावसाळ्यात सांदणमध्ये उतरायचे नाही, हा नियम मोडणाऱ्याला दुसरी संधी मिळेलच असे नाही. वरच्या माळावर पडलेले सगळे पाणी याच फटीत येते आणि आत पळायला बाजू नसते. वर ऊन असले तरी लांब कुठे पडलेल्या सरीने घळ भरू शकते. म्हणून ऑक्टोबरच्या शेवटापासून मे महिन्यापर्यंतच जावे, तेही वळवाचे ढग नसताना.

जवळच रतनगडावर ‘नेढे’ आहे. माथ्यावरच्या कातळाच्या पातळ भिंतीला वारा-पाण्याने आरपार पडलेले हे भोक. सुईच्या नेढ्यासारखे, पण त्यात बसून माणसे डबा खातात. तिथून एकीकडे भंडारदऱ्याचा जलाशय आणि दुसरीकडे अलंग, मदन, कुलंग ही अवघड दुर्गत्रयी दिसते.

कोकणकडा आणि इंद्रवज्र

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. तो नुसता उभा नाही, आत वळलेला आहे. नागाने फणा काढावा तसा. खालून येणारा वारा या अंतर्वक्र भिंतीला थडकून वर चढतो. म्हणून कड्यावरून टाकलेली हलकी वस्तू खाली न जाता परत वर येते. पावसाळ्यात ओहळांचे पाणीही असेच उलटे उडताना दिसते.

या कड्यावर कधीकधी ‘इंद्रवज्र’ दिसते. पाहणाऱ्याच्या पाठीमागे सूर्य आणि समोर खाली दरीत ढग असेल तर त्या ढगावर पाहणाऱ्याची सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळ उमटते. इंद्रधनुष्यात थेंब मोठे असतात आणि कमान विस्तीर्ण होते. इथे ढगातले अतिसूक्ष्म थेंब प्रकाश मागे परतवतात, त्यामुळे लहान आणि पूर्ण वर्तुळ बनते. विमानाच्या खिडकीतून ढगांवर पडलेल्या विमानाच्या सावलीभोवती दिसते तेच हे. गंमत अशी की दहा माणसे शेजारी उभी असली तरी प्रत्येकाला वर्तुळ दिसते ते स्वतःच्याच डोक्याभोवती.

कडा पश्चिमेकडे पाहत असल्याने सूर्य पाठीमागे असण्याची वेळ सकाळची. कोकणकड्यावर गर्दी जमते ती सूर्यास्ताला आणि इंद्रवज्राच्या आशेने आलेलेही अनेक जण तेव्हाच येतात. पावसाळा सरताना, दरीत ढग आणि माथ्यावर ऊन असलेली सकाळ मिळाली तरच योग.

मराठीत ठिकठिकाणी असे लिहिलेले सापडते की कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली इथे इंद्रवज्र पाहिले. विल्यम साइक्सने ते पाहिले हे खरे, पण १८३५ हे ते पाहिल्याचे साल नव्हे. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा प्रबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने त्या साली छापला. तो स्वतः १८३१ मध्येच हिंदुस्थान सोडून गेला होता.

उगमावरची देवळे

रतनगडाच्या पायथ्याला रतनवाडीत अमृतेश्वराचे मंदिर आहे. प्रवरेचा उगम याच परिसरातला. शिलाहार राजा झंझ याने बारा नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालये बांधली आणि हे त्यातलेच एक, अशी परंपरा सांगितली जाते. बाहेरच्या भिंतीवरचे कोरीव काम पाहायला एक तास तरी हाताशी ठेवावा. शेजारच्या पुष्करणीच्या कोनाड्यांतल्या मूर्तीही बहुतेक जण न पाहताच गडाकडे धावतात.

हरिश्चंद्रगडावरचे हरिश्चंद्रेश्वराचे मंदिर, भोवतीच्या गुहा आणि कुंडे हा तर वेगळाच संसार. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ इथेच, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला सिद्ध केला. जवळच्या केदारेश्वर गुहेत बर्फगार पाण्याच्या मधोमध मोठे शिवलिंग आहे. त्याच्या चार बाजूंच्या चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. चार खांब म्हणजे चार युगे आणि उरलेला पडेल तेव्हा कलियुग संपेल, अशी लोकसमजूत. पाण्यात उतरून पिंडीभोवती प्रदक्षिणा घालण्याची प्रथा आहे. खांबाला धरून फोटो काढण्याची प्रथा मात्र अलीकडची आणि ती न पाळलेली बरी. सतत ओला राहणारा हा कातळ आहे, सिमेंटचा खांब नव्हे.

इथली माणसे

या पट्ट्यात प्रामुख्याने महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे याच तालुक्यातल्या देवगावचे. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

डोंगरांना इथे नाती आहेत. कळसूबाई, रतनाबाई आणि कात्राबाई या तिघी बहिणी आणि तिन्ही शिखरे त्यांच्या नावाची. कळसू पाटलाच्या घरी कामाला राहिली ती भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही या अटीवर. अट मोडली गेली तेव्हा ती घर सोडून डोंगरावर निघून गेली आणि तिथेच राहिली. माथ्यावर तिचे छोटे देऊळ आहे, नवरात्रात जत्रा भरते. बारी गावातून चढणारी, लोखंडी शिड्यांची वाट गिर्यारोहकांना राज्यातल्या सर्वोच्च बिंदूकडे जाणारी वाटते. गावच्या लोकांसाठी ती देवीची वाट आहे. चपला घालून गाभाऱ्यापाशी सेल्फी काढणाऱ्यांना हा फरक लक्षात येत नाही.

भात, नागली आणि वरई ही इथली पिके. पावसाच्या तोंडावर राब भाजणे, मग आवण, मग चिखलणी. काळभात आणि जिरवेल यांसारखे भाताचे जुने वाण इथे टिकून राहिले. त्यामागे बाएफ संस्थेच्या मदतीने गावांनी उभारलेल्या बियाणे बँकांचे काम आहे. कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपण्याच्या कामासाठी २०२० सालची पद्मश्री मिळाली. धो धो पावसात काम करणारी डांगी जातीची गुरेही याच मुलखाची. त्यांच्या तेलकट कातडीवर पाणी ठरत नाही.

पाण्याची गोष्ट मात्र उलटी आहे. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९१० साली बांधायला घेतले आणि १९२६ साली पूर्ण झाले. ८२ मीटर उंचीचे हे दगडी धरण आजही उभे आहे आणि त्याच्या पाण्यावर खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूरकडचा ऊस वाढला. घाटघरला तर जपानच्या कर्जसाहाय्यातून २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प झाला. विजेची मागणी कमी असताना खालचे पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची, असे त्याचे तंत्र. इतके सगळे पाणी उशाशी असताना वरच्या काही वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत बायकांना हंडे घेऊन झरे शोधावे लागतात. कातळ पाणी धरून ठेवत नाही, साठवायला जागा कमी आणि मोठे साठे खालच्यांसाठी. उन्हाळ्यात जाणाऱ्याने अंघोळीच्या गरम पाण्याची दुसरी बादली मागण्याआधी हे आठवावे.

काजवे आणि गाड्यांचे दिवे

मे महिन्याची अखेर ते जूनचा मध्य, पाऊस सुरू होण्याआधीचे साधारण तीन आठवडे, भंडारदरा, घाटघर, पुरुषवाडीच्या परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभळीची झाडे काजव्यांनी लुकलुकू लागतात. एखादे अख्खे झाड एकाच ठेक्यात उजळते आणि विझते. काजव्याच्या पोटातले ल्युसिफेरिन हे द्रव्य ऑक्सिजनशी संयोग पावते आणि जवळजवळ उष्णतेविना प्रकाश पडतो. हा प्रकाश म्हणजे जोडीदारासाठीचा निरोप आहे. अळीच्या रूपात अनेक महिने पालापाचोळ्याखाली गोगलगायी आणि किडे खाऊन काढल्यावर प्रौढ काजव्याला या कामासाठी मोजके दिवस मिळतात.

त्याच दिवसांत हजारो माणसे येतात. गाडीचे दिवे, मोबाईलचे टॉर्च, फ्लॅश. निरोप दिसेनासा झाला की जोडी जमत नाही, जोडी जमली नाही की पुढच्या वर्षीचे काजवे कमी. झाडाखाली जाऊन उभे राहणाऱ्यांच्या पायाखाली माद्या आणि अंडी चिरडली जातात ती वेगळीच. वन विभाग प्रवेश शुल्क घेतो, काही निर्बंधही घालतो, पण शनिवारच्या रात्रीची रांग पाहता ते अपुरे आहेत. समाजमाध्यमांवरची छायाचित्रेही दिशाभूल करतात. लाखो ठिपक्यांचे ते फोटो अनेक फोटो एकावर एक ठेवून बनवलेले असतात. प्रत्यक्षात डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटे लागतात आणि एक टॉर्च लागला की सगळे पहिल्यापासून.

जपानने हा धडा फार पूर्वी घेतला. शिगा प्रांतातल्या मोरियामाचे काजवे पकडून शहरांत विकले जात. १९२४ साली त्यांना नैसर्गिक वारसा म्हणून कायद्याचे संरक्षण मिळाले, पण पुढे तिथले मूळचे काजवे नाहीसेच झाले. त्याच देशात टोकियोच्या दक्षिणेला हजार किलोमीटरवर, बोटीने चोवीस तासांच्या अंतरावर ओगासावारा बेटे आहेत. २०११ पासून ती जागतिक वारसास्थळ आहेत. तिथल्या मिनामिजिमा या छोट्या बेटावर दिवसाला फक्त शंभर माणसांना उतरू देतात. तेही वाटाड्याबरोबर, ठरलेल्या वाटेने आणि दोन तासांसाठी. हिवाळ्यात काही महिने बेट विश्रांतीसाठी बंदच असते.

अकोल्यात समुद्र नाही, त्यामुळे आकडा ठरवणे अवघड, पण अशक्य नाही. भंडारदऱ्याकडे येणारे रस्ते मोजकेच आहेत. पुरुषवाडीने तर स्वतःपुरता मार्ग काढलाही आहे. ग्रासरूट्स या संस्थेच्या साथीने तिथे पाहुणे आधी कळवून येतात, गावातल्या घरांत पाळीपाळीने जेवतात, गावचा माणूसच त्यांना फिरवतो आणि पैसे गावात राहतात. घरे जितकी, पाहुणे तितके. अशी मर्यादा काजव्यांच्या दिवसांत सगळ्याच झाडांपाशी लागू व्हायला हवी. ती लागू होईपर्यंत जाणाऱ्याने निदान सोमवार ते गुरुवार गाठावा, गाडी लांब उभी करावी आणि टॉर्चला लाल कागद लावावा.

कधी, कसे

जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे जोरात असतात, पण धुके इतके की समोरचा कडाही दिसत नाही, शिवाय दरडी आणि निसरड्या वाटा. प्रशासन या काळात काही ठिकाणी बंदी घालते. निघण्याआधी वन विभागाकडे चौकशी करावी. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा सर्वांत देखणा काळ. सोनकीने पठारे पिवळी होतात आणि ज्या डोंगरावर कारवीचे सातवे वर्ष आले असेल तो जांभळा दिसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी गडांसाठी आणि सांदणसाठी उत्तम. झाडीत शेकरूची उडी पाहायची तर सकाळी लवकर आणि गप्प राहून चालावे.

मुंबईहून इगतपुरी, घोटी, बारी या मार्गाने शेंडी-भंडारदऱ्याला येता येते. पुण्याहून आणि अहिल्यानगरहून संगमनेर, अकोले, राजूर हा रस्ता. जिल्ह्याच्या मुख्यालयापासून अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. हरिश्चंद्रगडाला सोपी वाट पाचनईची. जुन्नर तालुक्यातल्या खिरेश्वरची वाट लांब आणि दमवणारी, तर नळीच्या वाटेने फक्त सरावलेल्यांनीच चढावे. एसटी मोजक्या असतात आणि शेवटची गाडी चुकली की मुक्काम ठरलेला. पेट्रोल राजूर किंवा घोटीलाच भरावे, रोख पैसे जवळ ठेवावेत. मोबाईलला रेंज असेलच असे धरू नये.

हाच बेसाल्ट नदीने वेगळ्या रीतीने कोरलेला पाहायचा असेल तर जिल्ह्याच्या दुसऱ्या बाजूला, पारनेर तालुक्यात निघोजला जावे. कुकडी नदीच्या पात्रात पाण्याबरोबर गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी कातळाला अक्षरशः रांजण पाडले आहेत, म्हणून त्यांचे नाव रांजणखळगे. ते ‘आशियातले सर्वांत मोठे’ असल्याचे फलक आणि बातम्या सांगतात. तसे मोजमाप कोणी करो न करो, खळगे पाहण्यासारखे आहेतच. काठावर मळगंगा देवीचे मंदिर आहे आणि चैत्रात तिची मोठी यात्रा भरते. पाणी ओसरल्यावर, हिवाळ्यापासून पुढे खळगे नीट दिसतात. कडा गुळगुळीत असतात आणि आतले डोह खोल, त्यामुळे वाकून पाहताना लहान मुलांचा हात सोडू नये.